इनपुट सिलेक्टर: एकाला बोलू द्यायचं, बाकीच्यांना गप्प ठेवायचं

स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधून झाला, की आपण पहिल्यांदा त्यातून काय ऐकू येतं ते तपासतो. एकदा उलट बाजूनेही तपासून पाहा. रेडिओ ट्यूनर चालू ठेवा, पण सिलेक्टर, म्हणजे कोणतं उपकरण ऐकायचं ते निवडणारा स्विच, अशा इनपुटवर फिरवा जिथे काहीच जोडलेलं नाही. मग व्हॉल्यूम हळूहळू वाढवत जा. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एका जागी आल्यावर रेडिओ ऐकू यायला लागतो. शब्द नीट लागत नाहीत, पण बोलण्यातले 'स' आणि 'श' आणि गाण्यातला झांजेचा झणकार मात्र कळतो. ट्यूनरचा मार्ग आपण बंद केला होता आणि तरीही तो वाट काढून आला.

ही वाट बहुतेक वेळा सिलेक्टर स्विचमधून किंवा त्याच्या आजूबाजूच्या तारांमधून जाते. निवडलेल्या इनपुटचा आवाज पुढे पोचवणं हे सिलेक्टरचं सोपं काम आहे. न निवडलेले बाकीचे सगळे पूर्ण गप्प ठेवणं आणि हे वर्षानुवर्षं करत राहणं, हे अवघड काम. स्विच निवडताना माझं लक्ष या दुसऱ्या कामाकडेच असतं.

आधी या स्विचमधून नेमकं काय वाहतं ते पाहू. अ‍ॅम्प्लिफायर बांधताना आपल्याला मोठ्या आकड्यांची सवय झालेली असते. ट्रान्सफॉर्मर किती अ‍ॅम्पिअरचा, फ्यूज केवढा, हीटसिंक किती मोठा. त्याच सवयीने आपण स्विचवरही '५ अ‍ॅम्पिअर, २५० व्होल्ट' असं छापलेलं शोधतो आणि ते दिसलं की निश्चिंत होतो. इथेच गफलत होते. सीडी प्लेअर जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहमचा धरला, तर ओहमच्या नियमाने स्विचमधून वाहणारा करंट भरतो सुमारे ४३ मायक्रोअ‍ॅम्पिअर. म्हणजे अ‍ॅम्पिअरच्या एक लाखाव्या भागाच्या चारपट. आणि हा झाला सर्वांत मोठ्या आवाजाचा क्षण. गाण्यातल्या हळुवार जागी सिग्नल याच्या हजारपट लहान असू शकतो.

एवढा कमी करंट असला, तर कुठलाही स्विच चालायला हवा असं वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या करंटचे स्विच इथे वाईट चालतात आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पंख्याच्या किंवा मोटारीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. चांदीवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळसर थर चढतो, चांदीची भांडी काळी पडतात तसाच. मोठा करंट असला, की कॉन्टॅक्ट जुळताना उडणारी बारीक ठिणगी आणि वरचा व्होल्टेज मिळून तो थर फोडून टाकतात. म्हणजे तो स्विच वापरात स्वतःला साफ करत राहतो. आपल्या मायक्रोअ‍ॅम्पिअरमध्ये तेवढं बळच नसतं. थर तसाच राहतो, वाढतो आणि सिग्नलला त्यातून वाट काढावी लागते. अशा वापराला ड्राय सर्किट म्हणतात, म्हणजे थर फोडण्याइतका व्होल्टेज किंवा करंट जिथे कधीच येत नाही असं सर्किट.

हा थर साध्या रेझिस्टरसारखा वागत नाही, म्हणून जास्त त्रासदायक होतो. तो लहान सिग्नलला एका तऱ्हेने अडवतो, मोठ्याला दुसऱ्या. परिणामी आवाज फाटतो, खरखर येते किंवा एका बाजूचा स्पीकर अधूनमधून मंद होतो. माझ्या एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हातात होते म्हणून मी १० अ‍ॅम्पिअरचे रिले, म्हणजे कॉइलला करंट दिला की चालणारे स्विच, सिलेक्टरसाठी वापरले होते. काही महिने उत्तम चालले. मग डावी बाजू हळुवार गाण्यात बसायला लागली आणि तबल्याची जोरदार थाप आली की परत उठायची. मी सगळे जोड पुन्हा सोल्डर केले, ट्रान्झिस्टर तपासले, कॅपॅसिटर बदलले. दोष कॉन्टॅक्टवरच्या त्या न दिसणाऱ्या थरात होता.

म्हणून डेटाशीटमध्ये कमाल करंट वाचून झाला, की 'किमान लोड' नावाची ओळ शोधा. सिग्नलसाठी बनवलेल्या छोट्या रिलेंमध्ये ती १० मायक्रोअ‍ॅम्पिअर, १० मिलिव्होल्ट अशी सापडते. पॉवर रिलेमध्ये तिथेच १०० मिलिअ‍ॅम्पिअर, ५ व्होल्ट असं काहीतरी असतं. दोन्हींच्या करंटमधला फरक १० हजार पटींचा आहे. सिग्नल रिलेच्या कॉन्टॅक्टवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं काळं पडत नाही, इतकी साधी ती गोष्ट आहे. मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टमधून एकदा जरी मोठा करंट सोडला, तरी तो पातळ मुलामा जळून जाऊ शकतो. त्यामुळे दुसऱ्या सर्किटमधून काढलेला, आधी कशासाठी वापरला होता ते माहीत नसलेला रिले सिलेक्टरसाठी घेऊ नका.

फिरवायच्या रोटरी स्विचमध्ये सोनं नसलं तरी एक सोय असते. नॉब फिरवताना आतली पट्टी कॉन्टॅक्टवरून घासत जाते आणि थर खरवडला जातो. चांदीचे कॉन्टॅक्ट असलेला जुना रोटरी स्विच खरखरायला लागला, तर तो १५–२० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्यावर अनेकदा ठीक होतो, ते यामुळेच. पण जो स्विच महिनोन्‌महिने एकाच जागी राहणार आहे, त्याला हे घासणं मिळत नाही. तिथे सोन्याचे कॉन्टॅक्ट घ्यावेत.

कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स किती मिलिओहम आहे, यावर लोक बराच वेळ घालवतात. ५० मिलिओहम असला तरी ४७ किलोओहमपुढे तो दहा लाखात एक भाग होतो. त्याने काही ऐकू येत नाही. तो आज आहे तितकाच पाच वर्षांनी राहणार का, एवढाच प्रश्न विचारा.

पोल किती, वे किती

रोटरी स्विचवर '२ पोल ६ वे' असं लिहिलेलं असतं. रेल्वेचे सांधे आठवा. एका रुळावरून आलेली गाडी अनेक रुळांपैकी एकावर वळवता येते. असा एक सांधा म्हणजे एक पोल आणि तो जितक्या रुळांना जुळू शकतो तितके वे. स्टिरिओत डावी आणि उजवी अशा दोन गाड्या एकाच वेळी वळवायच्या असतात, म्हणून दोन पोल लागतात. एक्सएलआर सॉकेटचं बॅलन्स्ड इनपुट असेल, तर प्रत्येक चॅनेलला दोन सिग्नल असतात आणि चार पोल घ्यावे लागतात.

सर्रास मिळणाऱ्या छोट्या रोटरी स्विचमध्ये गोलाकार १२ कॉन्टॅक्ट असतात आणि तेच वेगवेगळे वाटून १ पोल १२ वे, २ पोल ६ वे, ३ पोल ४ वे आणि ४ पोल ३ वे असे प्रकार होतात. बहुतेकांच्या दांड्यापाशी एक छोटा दात असलेला वॉशर असतो. तो उचलून दुसऱ्या खाचेत बसवला, की स्विच हव्या तितक्या जागांवर थांबतो. सहा वे घेऊन चारच वापरता येतात. इनपुट दोनच असतील, तर दोन पोलचा टॉगल स्विच पुरतो. मध्ये बंद जागा असलेला घेतला, तर म्यूटची सोयही आपोआप होते.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट विचारायची, ती म्हणजे स्विच 'आधी तोड, मग जोड' पद्धतीचा आहे की 'आधी जोड, मग तोड'. पेटीवर हे नॉन-शॉर्टिंग आणि शॉर्टिंग असं लिहिलेलं असतं. शॉर्टिंग स्विच एका जागेवरून दुसरीकडे जाताना क्षणभर दोन्ही कॉन्टॅक्ट जोडतो. सिलेक्टरमध्ये याचा अर्थ दोन उपकरणांचे आउटपुट एकमेकांना भिडणं. उपकरणांच्या आत सहसा काही शे ओहमचा रेझिस्टर असल्याने जळत काही नाही, पण दोन्ही आवाज मिसळून एक खटका ऐकू येतो. सिलेक्टरसाठी नॉन-शॉर्टिंग घ्या. शॉर्टिंगची खरी जागा म्हणजे रेझिस्टरच्या पायऱ्यांनी बनवलेला व्हॉल्यूम कंट्रोल, कारण तिथे क्षणभर जोड तुटला तर दर पायरीला टक टक येते. लेबल नसेल, तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक कॉमनला, म्हणजे पोलच्या सामाईक टर्मिनलला, आणि दुसरं शेजारशेजारच्या दोन कॉन्टॅक्टना एकत्र लावा. नॉब अगदी सावकाश फिरवला आणि मधल्या जागीही बीप तुटला नाही, तर तो शॉर्टिंग आहे.

नॉन-शॉर्टिंग स्विच फिरवताना अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट क्षणभर अधांतरी राहतो. म्हणून कॉमनपासून ग्राउंडपर्यंत एक रेझिस्टर हवाच. स्विचच्या पुढे व्हॉल्यूम पॉट (व्हॉल्यूमचा फिरवायचा रेझिस्टर) असेल, तर ते काम पॉट करतो. इनपुटच्या तारेत डीसी अडवणारा कपलिंग कॅपॅसिटर असेल, तर त्याच्या स्विचकडच्या टोकालाही ४७० किलोओहम किंवा १ मेगओहम ग्राउंडला जोडा. नाहीतर त्या टोकावर चार्ज साठतो आणि स्विच फिरवताच स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो.

आवाज गळतो कसा

आता सुरुवातीच्या रेडिओकडे. दोन धातूचे तुकडे शेजारी असले आणि मध्ये हवा किंवा प्लॅस्टिक असलं, की तो नकळत बनलेला कॅपॅसिटर असतो. स्विचमधल्या शेजारच्या कॉन्टॅक्टमध्ये साधारण १ पिकोफॅरड धरू. १० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १६ मेगओहम भरतो. ट्यूनरचा सिग्नल या १६ मेगओहममधून गळून निवडलेल्या तारेवर येतो. ती तार किती घट्ट बांधलेली आहे यावर पुढचं सगळं अवलंबून.

निवडलेल्या जागी सीडी प्लेअर जोडलेला असेल आणि त्याचा आउटपुट १ किलोओहमचा असेल, तर गळालेला सिग्नल मूळच्या सुमारे ८४ डेसिबल खाली राहतो. तो ऐकू येणार नाही. तिथे काहीच जोडलेलं नसेल, तर तार फक्त ४७ किलोओहमवर लोंबकळते आणि तीच गळती केवळ ५१ डेसिबल खाली येते. व्हॉल्यूम वाढवला की हीच ऐकू येते. स्विच तोच, गळतीही तेवढीच, फरक रिकाम्या सॉकेटचा. कॅपॅसिटरचा अडथळा फ्रीक्वेन्सी वाढेल तसा कमी होतो, म्हणून १ किलोहर्ट्झला ही गळती आणखी २० डेसिबल खाली असते. रेडिओवरचे शब्द हरवतात आणि 'स', 'श' आणि झांज मात्र पोचते, ती यामुळे.

सर्वांत सोपा उपाय स्विचच्या बाहेरच आहे. रिकाम्या सॉकेटमध्ये शॉर्टिंग प्लग लावा, म्हणजे असा आरसीए प्लग ज्याच्या आत मधली पिन कड्याला सोल्डर केलेली आहे. रिकामी तार थेट ग्राउंडला बांधली गेली, की गळतीला जागा उरत नाही. हा प्लग चुकूनही कोणाच्या आउटपुटमध्ये जाऊ नये म्हणून त्यावर ठळक खूण करा.

दुसरा उपाय मला फार आवडतो. इनपुट तीनच असतील तरी २ पोल ६ वे घ्या, सिग्नल पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी द्या आणि मधले तीन कॉन्टॅक्ट ग्राउंडला जोडा. आता कुठल्याही दोन सिग्नलच्या मध्ये ग्राउंडची भिंत आहे. शिवाय दर दोन इनपुटच्या मध्ये एक पूर्ण शांत जागा मिळते, जिथे अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट ग्राउंड झालेला असतो. नॉब दोन खटके फिरवावा लागतो, एवढंच.

डाव्या-उजव्या बाजूंमधल्या गळतीची मात्र मी फारशी काळजी करत नाही. दोन्ही बाजूंना एकाच गाण्याचे भाग असतात आणि ५०–६० डेसिबलचं अंतर असलं की स्टिरिओला काही बाधा येत नाही. वेगळ्या उपकरणाचा आवाज घुसला तर तो लगेच खटकतो, कारण त्याचा चालू गाण्याशी काहीच संबंध नसतो.

सिरॅमिक वेफरच्या स्विचचा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. रेडिओ ट्रान्समीटरमध्ये, हाय व्होल्टेजला आणि हाय फ्रीक्वेन्सीला त्याचं महत्त्व नक्की आहे. आपल्या कामात फरक पडतो तो तारांचा. १५ सेंटिमीटर लांबीच्या चार तारा सुबक बांधून एकत्र नेल्या, तर त्यांच्यातलं कॅपॅसिटन्स सहज कित्येक पिकोफॅरड होतं, स्विचच्या आतल्यापेक्षा मोठं. ते दहापट झालं, तर गळती २० डेसिबलने वाढते. महाग स्विच घेऊन त्याला रिबन केबल लावणं म्हणजे दाराला भक्कम कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं.

स्विच ठेवायचा कुठे

इथेच खरा पेच आहे. सॉकेट मागच्या बाजूला असतात, नॉब पुढे हवा. चार इनपुटच्या आठ सिग्नल तारा ट्रान्सफॉर्मरच्या शेजारून पुढे नेल्या, तर हम (विजेच्या मेन्सची घुमणारी गुणगुण) आणि गळती दोन्ही ओढवून घेतो. जुना आणि चांगला मार्ग असा: स्विच मागच्या पॅनेलजवळ, सॉकेटना अगदी चिकटून बसवायचा आणि लांब दांडा जोडून नॉब पुढे आणायचा. तारा पाच-सात सेंटिमीटरच्या राहतात. दांडा जोडायला कपलर लागतो आणि तो अगदी सरळ रेषेत यायला हवा, नाहीतर नॉब जड फिरतो.

दुसरा मार्ग रिलेचा. प्रत्येक इनपुटला दोन कॉन्टॅक्टचा एक सिग्नल रिले, सॉकेटच्या लगत एका छोट्या बोर्डावर. पुढच्या पॅनेलवर साधा १ पोलचा रोटरी स्विच, जो फक्त रिलेच्या कॉइलला डीसी देतो. या तारा कितीही लांब असल्या तरी चालतात, कारण त्यांत संगीत नसतं. १४० मिलिवॉटच्या १२ व्होल्ट रिलेला १२ मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास करंट लागतो आणि एका वेळी एकच रिले चालू असतो. प्रत्येक कॉइलला उलटा १एन४१४८ डायोड लावायलाच हवा. कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज त्याशिवाय स्विचवर ठिणगी पाडतो आणि ती ठिणगी स्पीकरमध्ये ऐकू येते. कॉइलच्या करंटचा परतीचा मार्ग सिग्नलच्या ग्राउंडवरून जाऊ देऊ नका, तो थेट पॉवर सप्लायपर्यंत वेगळा न्या. रिलेचा आणखी एक फायदा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बंद केला की सगळी उपकरणं त्यापासून पूर्ण तुटतात.

इनपुट तीनपेक्षा जास्त असतील किंवा डबा खोल असेल, तर मी रिले निवडतो. दोन-तीन इनपुटच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला चांगला रोटरी स्विच पुरतो आणि त्यात बिघडण्यासारखं कमी असतं.

सीडी४०६६ किंवा ४०५२ सारख्या आयसींनीही सिलेक्टर बनतो. त्यात कॉन्टॅक्टच नाहीत, त्यामुळे काळं पडण्याचा प्रश्न नाही. पण त्यांचा चालू अवस्थेतला रेझिस्टन्स शेकडो ओहमच्या पातळीवर असतो आणि सिग्नलच्या व्होल्टेजनुसार बदलतो. तो बदल १० ओहमचा धरला आणि पुढचा लोड ४७ किलोओहम असला, तर सिग्नलमध्ये ०.०२ टक्क्यांच्या आसपास चढउतार येतो. पुढे १ मेगओहमचा बफर, म्हणजे सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारं सर्किट, लावला, तर तो ०.००१ टक्क्यावर येतो. म्हणजे आयसीनंतर बफर हवाच. अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना या आयसीतले संरक्षक डायोड चालू असलेल्या उपकरणाचा सिग्नल कापतात, हेही लक्षात असू द्या. टेप किंवा रेकॉर्डरला तोच सिग्नल वाटून दिलेला असेल, तर तिथे आवाज फाटलेला येतो.

टर्नटेबलची तार थेट सिलेक्टरला लावू नका. त्याच्या सुईजवळच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, सीडी प्लेअरच्या ४०० पट लहान. २ व्होल्टच्या शेजारी त्याला बसवलं, तर मघाशी मोजलेल्या गळतीत ५२ डेसिबलची भर पडते. शिवाय तारांचं कॅपॅसिटन्स त्या कार्ट्रिजचा आवाजच बदलतं. आधी तो लहान सिग्नल मोठा करणारा फोनो प्रीअ‍ॅम्प, मग सिलेक्टर.

ग्राउंडही स्विच करावा का, असं बरेच जण विचारतात. मी करत नाही. सगळ्या सॉकेटचे ग्राउंड मागेच एकत्र जोडतो. ग्राउंड स्विच केला आणि फिरवताना तो सिग्नलच्या आधी सुटला, तर स्पीकरमधून जोरदार हम उसळतो आणि ट्वीटरसाठी ते बरं नाही. दोन उपकरणांचे ग्राउंड दोन वाटांनी जुळून ग्राउंड लूप झाला आणि हम येत असेल, तर तेवढ्या एका इनपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणं बरं.

आता उरलेल्या बारीक गोष्टी. स्विचचा दांडा ६ मिलिमीटरचा आहे की पाव इंचाचा ते नॉब घेण्याआधी मोजा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि मोठ्या दांड्यावर लहान भोकाचा नॉब बसत नाही. स्विचच्या तोंडावर एक छोटी खुंटी असते. तिच्यासाठी पॅनेलला वेगळं भोक पाडा, ती कापून टाकू नका. ती नसली तर काही महिन्यांत नट सैल होतो, नॉबबरोबर अख्खा स्विच फिरायला लागतो आणि मागच्या तारा एक एक करून तुटतात.

प्लॅस्टिकच्या बॉडीचे स्विच सोल्डर करताना दोन-तीन सेकंदांत काम उरका. टर्मिनल जास्त वेळ तापलं तर प्लॅस्टिक मऊ होऊन कॉन्टॅक्ट जागचा हलतो आणि मग ती एक जागा कायम खरखरत राहते. स्विच टर्मिनल खाली करून धरा, म्हणजे वितळलेला फ्लक्स टर्मिनलवरून आत उतरत नाही. तारा लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही कॉमन शोधून त्यांना रंगाचा ठिपका द्या. सगळ्या तारा लागल्यावर डबा बंद करण्याआधी शेवटची चाचणी सुरुवातीचीच: एका इनपुटवर चालू ट्यूनर, शेजारचं इनपुट निवडलेलं, सॉकेट रिकामं, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा बराच वर आणि कान ट्वीटरजवळ. मग ट्यूनर एकेक करून प्रत्येक सॉकेटला लावून पाहा. एखादी जोडी जास्त गळत असेल, तर आधी तिच्या तारा एकमेकींपासून दूर करा.